फार्मसीसाठी बायो पुरत नाही

महोदय,

सीईटीचा निकाल लागला की महाविद्यालयात चौकशीला येणाऱ्या पालकांचे वाक्य ठरलेले असते: 'हिचे बायो पक्के आहे, मेडिकलची 'नीट' परीक्षा थोडक्यात हुकली, आता फार्मसी बघतोय.' बायो पक्के असणे चांगलेच. पण प्रथम वर्ष बी.फार्म.ला शिकवताना मला दिसते ते असे की, मुले अडतात ती केमिस्ट्रीत आणि साध्या आकडेमोडीत.

एमएचटी-सीईटीच्या पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) गटात २०० पैकी १०० गुण जीवशास्त्राला, फिजिक्स-केमिस्ट्रीला ५०-५०. मुले त्याच हिशेबाने वेळ देतात आणि त्यात त्यांचे चुकते असेही नाही. पर्सेंटाइल त्यावरच ठरते. प्रवेश झाल्यावर मात्र पारडे फिरते. पहिल्या सत्रात इनऑरगॅनिक केमिस्ट्री आणि अ‍ॅनालिसिस, दुसऱ्यात ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री, तिसऱ्यात पुन्हा ऑरगॅनिक. प्रयोगशाळेत २५० मिली ०.१ नॉर्मल तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण करायला सांगितले की, किती ग्रॅम घ्यायचे (उत्तर १ ग्रॅम) यासाठी निम्मा वर्ग शेजारच्या वहीत डोकावतो. 'इंटिग्रेटेड'च्या (कॉलेज नावापुरते, अभ्यास क्लासमध्ये) कृपेने अनेकांची ब्युरेट (द्रावण थेंबथेंब मोजून सोडायची काचनळी) जर्नलमध्येच भरलेली असते, हातात पहिल्यांदा येते ती आमच्याकडे.

एस्टर या संयुगांचे जलविघटन, म्हणजे पाण्याने फुटणे, बारावीत पाठ केलेले असते. पण अ‍ॅस्पिरिनच्या जुन्या बाटलीला व्हिनेगरसारखा आंबट वास का येतो, हे विचारले की वर्ग गप्प. ओलाव्याने अ‍ॅस्पिरिन फुटून सॅलिसिलिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल होते, म्हणजे तेच जलविघटन! औषधाची मुदत का संपते, गोळी कोरड्या जागी का ठेवायची, याची सुरुवात इथून होते.

गणित सोडून आलेल्यांना पहिल्या सत्रात 'रेमेडियल मॅथ्स' असते, जीवशास्त्र सोडून आलेल्यांना 'रेमेडियल बायोलॉजी'. ३० तासांत लॉगरिदमपासून लाप्लासपर्यंत धावल्यावर काय पदरात पडणार? रोज लागते ते गणित त्याहून कितीतरी सोपे. १० किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅमने पॅरासिटामॉल द्यायचे म्हणजे १५० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचे सिरप असेल तर ६ मिली, १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर दीड मिली. सिरपचा आकडा ड्रॉप्सला लावला तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. ही त्रैराशिके सातवी-आठवीची आहेत. लॉगही सोडून चालत नाही, पुढे फार्माकोकायनेटिक्समध्ये (औषध शरीरात किती वेगाने पसरते आणि बाहेर पडते याचा अभ्यास) तो पानोपानी भेटतो.

पीसीएमवाल्यांनी (बायोऐवजी गणित घेतलेल्यांनी) बायोची फार धास्ती घेऊ नये, असे माझे मत. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी दोन सत्रे चालते, नियमित वाचले की जमते. हृदय आणि मूत्रपिंड तेवढे आधी वाचून यावे. मोल संकल्पना (पदार्थातील कणांचे प्रमाण मोजायचे एकक) कच्ची राहिली तर मात्र ती भरून काढायला पुढे कोणी थांबत नाही.

सीईटीनंतर प्रवेशफेऱ्या संपून वर्ग सुरू होईपर्यंत बराच काळ हातात असतो. तेवढ्यात अकरावीचे 'रसायनशास्त्राच्या मूलभूत संकल्पना' आणि बारावीचे आयनिक समतोल, ही दोन प्रकरणे उदाहरणांसह सोडवून यावीत. अकरावीची पुस्तके रद्दीत गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात.

— फार्मसी महाविद्यालयातील एक शिक्षिका, सातारा