चाचा, त्या मंगळवारी तुम्ही साण फिरवली नाहीत

आदरणीय चाचा,

सलाम.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्हाला समोर बसवून हे सगळं बोलायला गेले तर तुम्ही हात झटकून विषय बदलाल, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण मंगळवार बाजाराच्या कोपऱ्यावर सायकलच्या साणेवर धार लावत बसणाऱ्या माणसाला काय काय कळतं, हे सोलापुरातल्या आणखी चार जणांना कळावं असं मला वाटतं.

आमच्या कारखान्यातल्या कात्र्या मी महिन्यातून एकदा तुमच्याकडे आणते. शाळेच्या गणवेशांचं काम, थरावर थर कापायचे, कात्र्या बोथटायला वेळ लागत नाही. त्या दिवशी पिशवीत कात्र्यांबरोबर माझ्या आजोबांचा घडीचा चाकू होता. आजी गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला सापडला. आजोबा जुन्या गिरणीत मागावर कामाला होते. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी मी चालू असलेली कधी पाहिली नाही, आजोबाही मला धूसरच आठवतात. आठवतात ते त्यांचे हात. आंब्याची साल एका सलग पट्टीत उतरवणारे. तो चाकू हाच असणार.

मी आधी घरी पक्कड लावून तो उघडायचा प्रयत्न केला होता. पात्यावर दोन ओरखडे उमटले, ते आजही आहेत. मग तुमच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "चाचा, हा साणेवर धरून एकदम चकचकीत करून द्या. किती पैसे?"

तुम्ही पायडलवरचा पाय काढलात. चाकू हातात घेतलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि नखाने पात्याच्या बुडाशी खरवडू लागलात. बराच वेळ. मागे दोन बायका विळ्या घेऊन उभ्या होत्या, त्या कुरकुरायला लागल्या तरी तुमचं लक्ष नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "हौ. ही चांदणी, ही फुली. बेटी, ह्याला साण नक्को."

त्या नकाराबद्दल आभार मानायचे आहेत, चाचा. साण फिरवली असती तर पन्नास रुपये तुमच्या खिशात पडले असते आणि मीही खूश होऊन घरी गेले असते. पात्यावरची ती चांदणी-फुली, चाकू बनवणाऱ्याची खूण, मात्र कायमची गेली असती, आणि काय गेलं ते मला कधी कळलंही नसतं.

तुम्ही मला रॉकेलची बाटली काढून दिलीत. रेशनचं रॉकेल बंद झालं तेव्हापासून जपून ठेवलेली ती बाटली होती, हे मला नंतर कळलं. "दोन दिवस बुडवून ठेव. जोर लावू नको. बांबूच्या काडीने सांध्यातली घाण काढ. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, दुसरा नाही." शिवणयंत्राचं तेल माझ्याकडे डबाभर. दोन दिवस म्हणता म्हणता पाच दिवस लागले. सांध्यातून काळा चिकट गाळ निघत राहिला. सहाव्या दिवशी खाचेत नख घातलं, पातं हललं, आणि पूर्ण उघडताना खट्ट असा आवाज झाला. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "काय मोडलं गं?"

त्या खट्ट आवाजाचं गुपितही तुम्हीच उलगडून दाखवलंत. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, तुम्ही तिला कमान म्हणता. ती पात्याच्या बुडावर सतत दाब देत असते. पातं फिरताना बूड कमानीला उचलतं, आणि पातं जागेवर आलं की कमान खाली बसते. आत ना कुलूप ना बटण. बंद चाकूही त्याच दाबाने बंद राहतो आणि उघडा त्याच दाबाने उघडा. हाताने घासून ही जुळणी बसवणाऱ्या कारागिराचा हात किती सरळ असेल, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा तुमच्या आवाजात जे होतं ते मी अजून विसरले नाही.

घरी भिंगाखाली अक्षरं वाचली. जोसेफ रॉजर्स, शेफिल्ड. म्हणजे इंग्लंडातली चाकू बनवणारी कंपनी. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही, पण खुणेवरून तुम्ही चाकू विलायती आहे हे ओळखलं होतंत. शिवाय सावधही केलंत, की ह्या चांदणी-फुलीच्या नकलाही पुष्कळ निघाल्या, तेव्हा ठसा किती स्वच्छ उठलाय ते बघ. ठसा स्वच्छ आहे, चाचा. चांदणीची सहाही टोकं दिसतात. वर मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना जी आणि आर, म्हणजे जॉर्ज राजाची खूण. पंचम जॉर्ज १९१० साली गादीवर आला आणि सहावा जॉर्ज १९५२ साली वारला, तेव्हा चाकू त्याच दरम्यानचा धरायचा. गिरणीतल्या माणसाच्या खिशात तो कसा आला, हे सांगणारं आता घरात कोणी उरलेलं नाही.

तिथून हा नाद लागला. भाचा फ्रान्सला शिकायला आहे, त्याला सांगून ओपिनेल मागवला, आठ नंबरचा. साव्हॉयच्या डोंगराळ मुलखात जोसेफ ओपिनेलने १८९० साली हा घडवला आणि १८९७ साली त्याचे एक ते बारा नंबर ठरले. लाकडी मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, आणि तोंडाशी एक फिरती कडी. कडी फिरवली की पातं जागच्या जागी अडकतं. ही कडी १९५५ सालची, त्याआधी नव्हती. तुम्ही ती चार वेळा इकडून तिकडे फिरवून बघितलीत आणि म्हणालात, "एवढंसं कुलूप, पण डोकं लावलंय." मी तुमच्यासमोर त्याने कैरी कापली, पातं काळं पडलं आणि मी रडवेली झाले. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी डबीच्या झाकणावर लिहून ठेवलंय: लाल दिसलं तर पूस, काळं दिसलं तर राहू दे. आंबटाने येणारा तो काळसर थर पात्याला सांभाळतो, लाल गंज त्याला खातो.

एक चूक मात्र मी तुम्हाला न विचारता केली. तुमचा गुडघा दुखत होता, तुम्ही तीन मंगळवार आला नाहीत, आणि मी शिंगाच्या मुठीचा एक छान चाकू धार लावायला विजेच्या साणेवर दिला. दोन मिनिटांत परत मिळाला. धारेवर निळी झाक आली होती, मला ती सुंदर वाटली. तुम्ही बघितलंत आणि कानस माझ्या हातात दिलीत. "निळ्यावर फिरव." कानस लोण्यात जावी तशी रुतली. मागच्या भागावर फिरवली तर घसरली. "पाणी उतरलं," एवढंच म्हणालात. तापून पात्याचा कडकपणा गेला होता. रागावला असतात तर बरं वाटलं असतं. तुम्ही दगड काढलात, पाणी शिंपडलंत आणि मला हाताने धार लावायला शिकवलीत. पात्याच्या पाठीखाली दोन नाणी मावतील एवढीच पाठ उचलायची, आणि तो कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही. मनगट हलवायचं नाही, खांद्यातून ढकलायचं. आता माझ्याकडच्या सात चाकूंना मीच धार लावते. तुमचं गिऱ्हाईक कमी झालं, आणि ते तुम्हीच केलंत.

चाकू गोळा करते म्हटलं की लोक पहिलं विचारतात, "रामपुरी आहे का?" बाई असून, असंही पुढे कोणी जोडतं. सिनेमाने घडीच्या चाकूला गुंडाच्या हातात दिलं आणि लोकांच्या मनात तो तिथेच राहिला, याचं मला वाईट वाटतं. खुद्द रामपूरने २०२३ साली आपल्या चौकात वीस फुटांहून लांब चाकू उभारला, तो कारागिरीच्या अभिमानापोटी. माझ्याकडे रामपुरी नाही. घरकामाची-शेतीची अवजारं सोडून नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र कायद्यात येतं, आणि माझं एकही पातं चार इंचांच्या वर नाही. तरीही ते घरातच राहतात. गड्ड्याच्या जत्रेत, गर्दीत, मी एकही घेऊन जात नाही. आजोबांचा तेवढा हुरड्याला शेतावर नेते, पेरू कापायला.

तुमची तब्येत आता बरी आहे, असं नातू म्हणाला. गुडघ्याचं औषध सोडू नका. कात्र्या साचल्यात, पण त्यांची घाई नाही.

घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्या आजोबांनी त्यांचा कलमाचा चाकू मला दिलाय. एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला साल उचलायची पितळी जीभ. त्यांनी चाळीस वर्षं त्याने गुटी कलमं बांधली. पातं झिजून निम्मं राहिलंय, सांधा पूर्ण धरलाय, आणि बुडाशी कसला तरी ठसा आहे जो मला लागत नाही. रॉकेल कुठेच मिळालं नाही, म्हणून डिझेलमध्ये बुडवून ठेवलाय. आज नववा दिवस. मी जोर लावलेला नाही. तुम्ही येऊन बघेपर्यंत लावणारही नाही.

तुमची,
कात्र्यावाली बेटी