लघुउद्योगात कामासोबत अधिकारही द्यायला हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुउद्योजकांसाठी वृत्तपत्रांत येणारा मजकूर पाहिला किंवा त्यांच्यासाठी भरणाऱ्या प्रशिक्षण शिबिरांचे वेळापत्रक चाळले, तर भांडवल, कर्ज, कर, हिशेब आणि जाहिरात या विषयांना भरपूर जागा मिळालेली दिसते. दहा-पंधरा माणसांचा व्यवसाय ज्या टप्प्यावर हमखास अडतो, तो हाताखालच्या माणसांकडे काम सोपवण्याचा विषय मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो. ‘सगळे स्वतः करू नका, माणसांवर विश्वास ठेवा’ एवढे सांगून वक्ते पुढे जातात. विश्वास ठेवायची तयारी असलेल्या मालकालाही सुरुवात कुठून करायची हे ठाऊक नसते. मी एक लहान छपाई व्यवसाय चालवते आणि हे कौशल्य हिशेबाइतक्याच पद्धतशीरपणे शिकता येते, असे माझे ठाम मत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

‘दुसऱ्याला समजावत बसण्यापेक्षा मीच पटकन करून टाकते’ हे वाक्य प्रत्येक मालकाच्या तोंडी असते आणि त्या एका दिवसापुरते ते खरेही असते. हिशेब महिन्याचा मांडला की चित्र बदलते. रोज अर्धा तास खाणारे काम शिकवण्यात एकूण दहा तास गेले, तरी ते कामाच्या २० दिवसांत भरून निघतात आणि पुढे रोजचा अर्धा तास मोकळा होतो. याउलट वर्षातून एकदाच येणारे काम शिकवण्यात वेळ घालवणे बहुधा परवडत नाही. त्यामुळे सोपवण्याची सुरुवात किरकोळ किंवा कंटाळवाण्या कामांपासून न करता वारंवार येणाऱ्या कामांपासून करावी. नकोशी कामे दुसऱ्याच्या गळ्यात मारणे म्हणजे काम सोपवणे नव्हे, आणि हाताखालच्या माणसांना तो फरक लगेच कळतो.

यात वेळेपेक्षा मोठा अडथळा मालकाच्या मनाचा असतो. अमेरिकेतील जेफ्री फेफर, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की एखादे काम आपल्या देखरेखीखाली झाले आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांनी नेमक्या त्याच कामाला अधिक चांगले ठरवले. काम एकच होते, फरक केवळ आपला हात लागल्याच्या समजुतीचा होता. ‘माझी नजर नसली की काम बिघडते’ ही आपली खात्री पुष्कळदा अनुभवातून आलेली नसून याच समजुतीतून आलेली असते, म्हणून ती तपासून पाहायला हवी. झालेले काम कोणी केले हे न सांगता समोर ठेवायला सांगावे आणि मग त्यातले दोष शोधावेत. ही साधी चाचणी कोणत्याही व्यवसायात करता येते.

मूळ दुखणे मात्र याहून खोल आहे. आपण काम देतो, पण त्या कामातले निर्णय स्वतःकडेच ठेवतो. व्यवस्थापनशास्त्राचे आद्य विचारवंत मानले जाणारे फ्रेंच खाण अभियंते हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या १४ तत्त्वांत अधिकार आणि जबाबदारी यांची सांगड घातली होती. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हे तत्त्व परीक्षेपुरते पाठ करतो, पण प्रत्यक्ष कारखान्यात आणि दुकानात त्याचा रोज विसर पडतो. आमच्या धंद्यातलेच उदाहरण देते. माहितीपत्रकासाठी १३० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा, आर्ट पेपर ठरलेला असतो, ऐन वेळी तो संपतो आणि हाताशी असतो तो १५० चा. प्लेट चढवलेली, शाई लावलेली, कारागीर यंत्रापाशी उभा, आणि मालक बाहेर ग्राहकाच्या बैठकीत. छपाईची जबाबदारी पर्यवेक्षकाची असली तरी कागद बदलण्याचा अधिकार त्याला नसल्याने, मालकाने फोन उचलेपर्यंत यंत्र बंद राहते.

यावर उपाय आहे आणि तो कागदावर चार ओळींत मावतो. त्याच जातीचा, जास्त वजनाचा कागद वापरायचा असेल आणि वाढीव खर्च ठरवून दिलेल्या टक्क्यांत बसत असेल, तर पर्यवेक्षकाने ग्राहकाला फोनवर कळवून, त्याचा होकार घेऊन काम सुरू करावे. कमी वजनाचा कागद ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये. घडीचे काम असेल तर जाड कागद घडीवर तडकण्याची शक्यता असल्याने आधी एका प्रतीची घडी घालून पाहावी. मालकाला संध्याकाळी कळवले तरी चालेल. एवढे लिहून दिले की पर्यवेक्षकाला आपली हद्द कळते आणि मालकालाही कशाबद्दल निश्चिंत राहायचे ते कळते. प्रत्येक व्यवसायातले प्रश्न वेगळे असतील. पण कोणता निर्णय स्वतः घ्यायचा, कोणता घेऊन नंतर कळवायचा आणि कोणता विचारूनच घ्यायचा, या तीन गोष्टी स्पष्ट नसतील, तर काम सोपवले गेलेले नाही असेच मी मानते.

हे अधिकार एका दिवसात देता येत नाहीत आणि देऊही नयेत. आमच्याकडे दरपत्रके तयार करण्याचे काम एका सहकारी महिलेकडे सोपवले, तेव्हा आधी ती माझ्याशेजारी बसून मी करते ते पाहत होती. मग ती दरपत्रक करायची आणि ते मी तपासल्यावर बाहेर जायचे. पुढे तिने पाठवून दिलेल्या दरपत्रकांवर मी नंतर नजर टाकू लागले, आणि आता ठरावीक मर्यादेपर्यंतची सवलतही तीच देते. या प्रवासात एकदा बांधणीचा खर्च धरायचा राहून गेला. ती चूक दाखवण्याआधी तिनेच ती माझ्यापुढे आणली आणि त्याच दिवशी दरपत्रकाच्या नमुन्यात बांधणीचा रकाना घातला. अशा वेळी मालकाने संतापून काम परत आपल्याकडे ओढले, तर पुढची चूक झाकली जाईल आणि ती ग्राहकाकडूनच कळेल. चूक नियम मोडल्यामुळे झाली की नियमच अपुरा होता, हे आधी पाहायला हवे.

दिलेला अधिकार सर्वांत लवकर मोडतो तो ग्राहकांसमोर, आणि याकडे फार कमी लोकांचे लक्ष असते. जुन्या ग्राहकाला थेट मालकाशी बोलायची सवय असते. सहकाऱ्याने दिलेली तारीख किंवा दर मान्य नसला की तो सरळ मालकाला फोन लावतो, आणि मालक संबंध राखण्याच्या भरात दोन दिवस अलीकडची तारीख कबूल करून टाकतो. त्या एका फोनने सहकाऱ्याच्या शब्दाची किंमत संपते. यापुढे तो ग्राहक त्याला विचारणार नाही आणि सहकारीही स्वतःहून काही ठरवणार नाही. म्हणून ग्राहकाचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, पण उत्तर ज्याच्याकडे काम आहे त्याच्याकडूनच जाऊ द्यावे. निर्णय बदलणे आवश्यक असेल, तर आधी सहकाऱ्याशी बोलावे आणि बदललेला निर्णय त्यानेच ग्राहकाला कळवावा. ग्राहक दुखावेल ही भीती मला समजते. पण मालक आजारी पडला तरी काम वेळेवर मिळेल, ही खात्री ग्राहकालाही हवीच असते.

पैशांच्या बाबतीत मात्र सैलपणा नको. रोख स्वीकारणे, तिची नोंद करणे आणि बँकेच्या खात्याशी ताळा जुळवणे ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे असू नयेत, मग तो कितीही विश्वासू असो. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवणे किंवा आपला पासवर्ड आणि ओटीपी देऊन मोकळे होणे याला सोपवणे म्हणत नाहीत. व्यवहाराची नोंद एकाने करायची आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची, अशी सोय बँकांच्या व्यावसायिक खात्यांत असते, ती वापरावी. माणसे नेमणे वा काढणे, कर्जाच्या कागदांवर सही करणे आणि दरांचे धोरण ठरवणे ही कामे लहान व्यवसायात मालकाकडेच असावीत. करविवरण सल्लागाराने भरले, तरी त्यातील मजकुराचे उत्तरदायित्व मालकाचेच राहते.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड वाटते म्हणून टाळली जाते. वाढीव जबाबदारी देताना वेतन तेवढेच ठेवणे हा अन्याय आहे. मालकाचे दोन तास वाचले, त्यातून नवी कामे आली, तर त्यातला वाटा ज्याच्यामुळे ते तास वाचले त्याला मिळायला हवा. जबाबदारी वाढली आणि हाती काहीच आले नाही, तर शिकून तयार झालेला माणूस दुसरीकडे जातो, आणि ‘शिकवून काही उपयोग नाही, माणसे टिकत नाहीत’ अशी तक्रार मग मालकच करतो.

आपल्या दैनिकाने या विषयाला नियमित जागा द्यावी आणि वेगवेगळ्या व्यवसायांतील मालकांनी कोणते निर्णय, कोणत्या मर्यादेत, कोणाकडे दिले याचे तपशील छापावेत, ही विनंती. त्यात ज्यांनी ती कामे स्वीकारली त्यांचे म्हणणेही यावे, कारण मालकाला आपण मोकळा हात दिला असे वाटत असताना त्यांना प्रत्यक्षात किती मोकळीक मिळाली, हे तेच सांगू शकतात. प्रशिक्षण शिबिरांच्या आयोजकांनाही एक सूचना करावीशी वाटते. एका व्यवसायातून एकट्या मालकाला प्रवेश देण्याऐवजी मालक आणि त्याचा एक सहकारी अशा दोघांना एकत्र बोलवावे, आणि शिबिर संपण्यापूर्वी त्या दोघांनी मिळून एका कामाच्या अधिकारांची हद्द लिहून काढावी.

आपली विश्वासू,
एक लघुउद्योजिका