सही कुणाची चालते?

प्रिय मित्रा,

सामाजिक संस्थांतल्या कार्यकर्त्यांसाठी एक फेलोशिप आहे, तिथल्या एका फेलोचा मेंटॉर, म्हणजे वर्षभराचा वाटाड्या, म्हणून नाव देऊ का, असं विचारलंस. दे. पण फॉर्म भरण्याआधी हे पत्र सावकाश वाच, कारण या कामात तुझ्यासारख्यांचीच गाडी हमखास रुळावरून घसरते. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला छोट्या संस्थेची कॅशबुक दाखवली की त्याचे हात शिवशिवतात. दोन रविवारांत तो सगळा हिशेब सरळ करून देतो, सगळे खूश होतात आणि फेलो होता तिथेच राहतो.

आधी एक घोळ काढून टाकू. फेलोशिप म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर ‘निर्माण’ येत असणार. ते अभय आणि राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेलं काम आहे आणि आयुष्याचं काय करायचं हे शोधणाऱ्या तरुणांसाठी आहे. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ची, ती तरुणांना सरकारी यंत्रणेत नेते. तुला ज्यासाठी बोलावलंय त्यातला फेलो मात्र आधीच एका संस्थेत पाच-सात वर्षं राबतोय. म्हणजे दुसरी फळी. संस्थापक साठीच्या पुढे गेलेत, गावोगावच्या बैठका हाच घेतो, अहवाल हाच लिहितो, आणि तीन हजारांच्या व्हाउचरवर सही घ्यायला ‘सर कधी येतात’ म्हणून ताटकळत बसतो.

म्हणून माझ्या मते सगळी फेलोशिप एका कागदावर उभी राहते: वर्षभरासाठी फेलोच्या हाती नक्की काय सोपवलं, हे लिहिलेला कागद. ‘नेतृत्वविकासाच्या संधी देण्यात येतील’ असलं वाक्य त्यात आलं तर कागद परत पाठव. ‘वसतिगृहाचं वार्षिक बजेट हा मांडेल, पंचवीस हजारांपर्यंतचा खर्च स्वतः मंजूर करेल, त्या कामावरच्या चौघांच्या रजा आणि मूल्यमापन याच्याकडे’ अशी भाषा हवी. त्याचा कार्यकारिणीत ठराव व्हावा, प्रोसिडिंगमध्ये नोंद व्हावी, आणि हिशेबनिसाच्या टेबलावर त्याची प्रत असावी. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण हिशेबनिसाला माहीत नसलं तर तो व्हाउचर पुन्हा सरांकडेच नेणार, आणि सरही सवयीने सही करून मोकळे होणार.

पहिल्या महिन्यात फेलोकडून दोनच कागद मागव. एक म्हणजे धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा, ज्याला सगळे शेड्यूल वन म्हणतात. त्यावरची विश्वस्तांची नावं आणि आज बैठकीला प्रत्यक्ष बसणारी माणसं ताडून बघायला सांग. पुष्कळदा उताऱ्यावर वारलेली माणसं असतात. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून गेला की पुढचे बदलही अडकतात, आणि बँकेत सह्या बदलायच्या वेळी ते अंगाशी येतं. ते तुला मी काय सांगू! दुसरा कागद म्हणजे संस्थेच्या सामाईक खर्चाचा हिशेब. इथे जरा थांबतो, कारण खरं दुखणं बहुतेक इथेच असतं.

समज, तीन प्रकल्प आहेत: बारा, आठ आणि चार लाखांचे. एकूण चोवीस. हिशेबनिसाचा पगार, ऑफिसचं भाडं, वीज, ऑडिट फी आणि संचालकाचं मानधन मिळून वर्षाला सहा लाख. म्हणजे प्रत्यक्ष खर्चाच्या पंचवीस टक्के. आठ लाखांच्या प्रकल्पाची खरी किंमत दहा लाख झाली. फेलोने प्रस्तावात काय मागितलं? आठ लाख चाळीस हजार, कारण ‘सीएसआरमध्ये’, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीत, ‘प्रशासनाला पाचच टक्के मिळतात’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे. संस्थेचा प्रकल्प राबवायला लागणारा खर्च त्यात धरायचा नसतो. परदेशी निधीचा नियम वेगळा: २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. या दोन नियमांची खिचडी जवळपास सगळीकडे दिसते. मधले एक लाख साठ हजार मग कार्यकर्त्यांच्या उशिरा होणाऱ्या पगारातून निघतात. हे गणित फेलोने स्वतः, पेन्सिलीने, कार्यकारिणीसमोर मांडायला हवं. तू एक्सेल करून दिलंस तर ते तुझं गणित राहील.

भेट महिन्यातून एकदा, नव्वद मिनिटं. तीन दिवस आधी त्याने एक पान पाठवायचं: गेल्या महिन्यात कोणते निर्णय मी घेतले, कोणते माझ्या हातून निसटले, आता कशावर अडलोय. पान आलं नाही तर भेट पुढे ढकल. हे कठोर वाटेल, पण बिनपानाच्या भेटीत नुसत्या गप्पा होतात. दोनदा तरी त्याच्या ऑफिसात जा. फोनवर सगळं आलबेल असतं.

आणि विचारायचं कसं? तो म्हणेल, ‘टीम ऐकत नाही.’ उपाय सांगू नकोस. गेल्या वेळी त्यांनी ऐकलं नाही तेव्हा नेमकं काय सांगितलं होतंस, असं विचार. ‘सर्व्हे वेळेत द्या म्हटलं.’ वेळेत म्हणजे कधी? ‘लवकरात लवकर.’ किती घरं? ‘गाव पूर्ण.’ गावात घरं किती, आणि दिवसाला एक माणूस किती फॉर्म भरतो? दहाव्या मिनिटाला त्यालाच दिसतं, की तीन माणसांना चार दिवसांत दोनशे चाळीस घरं, म्हणजे प्रत्येकाला रोज वीस, आणि एका फॉर्मला पाऊण तास. पंधरा तास झाले! टीम ऐकत होती, काम बसत नव्हतं.

घोटाळे कुठे होतात तेही सांगतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात संस्थापकांचा तुला परस्पर फोन येईल: ‘आमचा मुलगा कसा चाललाय?’ तिथे गोड बोलून विषय बदल. फेलोने सांगितलेलं त्याच्याआडून वर पोचलं की तो पुढच्या पानावर हवापाणी लिहू लागतो. संस्थापकांशी बोलायचं ते तिघांनी मिळून, तिमाहीला एकदा, तो सोपवण्याचा कागद समोर ठेवून. उलटही होतं: फेलो तुला तक्रारपेटी करतो. एकच गाऱ्हाणं तिसऱ्यांदा आलं, की ‘हे त्यांना तू कधी सांगणार?’ एवढंच विचार आणि तारीख लिहून घे.

पैशाचं आयोजकांना आधीच विचारून ठेव. मानधन थेट फेलोच्या खात्यात गेलं की काही संस्था त्याचा पगारच थांबवतात, आणि वर्ष संपताच त्याला दोन्हीकडून हात हलवत बसावं लागतं. पगार संस्थेनेच चालू ठेवायचा आणि फेलोशिपची रक्कम प्रवास, पुस्तकं, त्याच्या गैरहजेरीत काम सांभाळणारा बदली माणूस यांसाठी, हे मला बरं वाटतं. बदली माणसाची तरतूद सहसा कुणी करत नाही. मग फेलोशिपच्या शिबिराच्या चारही दिवशी फेलोचा फोन कानाला.

आणि निधी देणाऱ्याच्या पदरी असलेला माणूस मेंटॉर नको. समोर पुढच्या वर्षीचा चेक बसलाय असं वाटलं की कोण खरं बोलेल? तुझा तसा संबंध नाही, म्हणूनच तू जा.

पहिल्या भेटीची तारीख ठरली की कळव. फक्त सप्टेंबरात ठरवू नकोस. ऑडिटची घाई असते, आणि व्हाउचरांच्या ढिगाऱ्यातून कुणाची मान वर होत नाही. तुलाही तो ढीग बघून राहवणार नाही.

तुझाच,
जुना शेजारी