प्रवेश मार्गदर्शन अकरावीच्या जुलैपासून हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आदिवासी, दलित, भटक्या आणि अल्पभूधारक घरांतल्या मुलांना चांगल्या महाविद्यालयांपर्यंत पोचवणारे उपक्रम गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात झपाट्याने वाढले. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून सुरू झालेली ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ नीटची मोफत तयारी करून घेते. विदर्भात उभी राहिलेली ‘एकलव्य’ पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांना देशभरातल्या विद्यापीठांची वाट दाखवते. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांचे प्रशिक्षण वेगळेच. ही वाढ मनापासून आनंदाची आहे. पण बहुतेक ठिकाणी अजूनही भर दोनच गोष्टींवर असतो: शिकवणी आणि मे महिन्यातले ‘बारावीनंतर काय?’ हे व्याख्यान. मूल अडते ते मात्र कागदावर आणि तारखेवर.

सर्वांत मोठा अडसर जात वैधता प्रमाणपत्राचा. अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे (अनुसूचित जमातीचा असेल तर जमातींच्या वेगळ्या पडताळणी समितीकडे) जातो, त्याला विद्यार्थी तिथे शिकतो असे सांगणारे महाविद्यालयाचे १५-अ पत्र लागते आणि मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे कुटुंब राज्यात कधीपासून होते हे ठरवणाऱ्या तारखेआधीचा, पुरावा लागतो. तो दिनांक अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेच्या रजिस्टरमधला प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, जुने महसुली अभिलेख शोधणे आले. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा उतारा आणि जोडीला वंशावळीचे शपथपत्र. वडिलांच्या दाखल्यावर एक आडनाव आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरे, किंवा जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’, एवढ्यावर प्रकरण चौकशीसाठी समितीच्या दक्षता पथकाकडे जाते आणि महिने निघून जातात. हे काम बारावीच्या निकालानंतर हाती घेतले तर जुळणे कठीण. प्रवेशाच्या वेळी समितीची पोचपावती दाखवून मुदत मिळते हे खरे, पण मुदतीत प्रमाणपत्र आले नाही की आरक्षित जागेवरचा प्रवेश हातचा जातो. म्हणून आमचे पहिले म्हणणे: मार्गदर्शनाची सुरुवात अकरावीच्या जुलैत, कागदांच्या पिशवीपासून व्हावी.

नॉन-क्रीमीलेअरचे, म्हणजे मागासवर्गातले कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या प्रमाणपत्राचे, तसेच. राज्याच्या प्रवेशासाठी ते चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. केंद्राच्या संस्थांना वेगळ्या नमुन्यातले आणि सहसा त्याच वर्षाच्या १ एप्रिलनंतर काढलेले लागते. जात राज्याच्या यादीत असूनही केंद्राच्या यादीत नसू शकते. मराठा समाजाचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) प्रमाणपत्र केंद्रीय संस्थांत चालत नाही. तिथे अट बसत असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचे वेगळे प्रमाणपत्र काढावे लागते. सेतू केंद्रावर ‘कशासाठी हवे?’ या प्रश्नाला मुलाने ‘कॉलेजसाठी’ म्हटले की बहुधा राज्याचा नमुना हातात पडतो.

केंद्रीय विद्यापीठांचे पदवीचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेने होतात. तिचा अर्ज बारावीच्या लेखी परीक्षेच्या धामधुमीत किंवा त्याआधीच भरावा लागतो. निकाल हातात घेऊन मेमधल्या शिबिराला आलेल्या मुलीला हैदराबाद किंवा दिल्लीच्या विद्यापीठाचे नाव सांगून काय उपयोग? तिच्यासाठी ते दार वर्षभर बंद झालेले असते. विषय निवडतानाही चुका होतात. आता जास्तीत जास्त ५ विषय घेता येतात, आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला कोणते विषय लागतात ते विद्यापीठ ठरवते. प्रश्नपत्रिकेचे माध्यम मराठी निवडणे वेगळे आणि मराठी हा भाषाविषय घेणे वेगळे. दोन्हींची गल्लत झाली की परीक्षा देऊनही मूल अपात्र ठरते.

अर्ज कोण भरतो हेही पाहायला हवे. तालुक्याच्या सायबर कॅफेत घाईघाईने नोंदणी करताना दुकानदार स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ई-मेल टाकतो. पुढचा प्रत्येक ओटीपी आणि ‘अर्ज परत पाठवला’ हा प्रत्येक संदेश त्याच्याकडे जातो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर तर हे नेहमीचे झाले आहे: महाविद्यालयाच्या लिपिकाने त्रुटी काढून अर्ज परत केला, विद्यार्थ्याला कळलेच नाही, मुदत संपली. दुसरी अडचण खात्याची. शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जमा होते. सिमकार्ड घेताना नकळत उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात पैसे पडून असतात आणि मूल समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहते. अर्ज भरण्यापूर्वी आधार-संलग्न बँक तपासायला पाच मिनिटे पुरतात.

अभियांत्रिकीचा पर्याय-अर्ज भरताना एक साधी गोष्ट सुटते. शिकवणी शुल्कमाफीच्या जागांना (प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के, उत्पन्नमर्यादा ८ लाख) स्वतंत्र पर्याय-कोड असतो. तो यादीत टाकला नाही तर गुण असूनही त्या जागेचा विचारच होत नाही. शिवाय पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते कायम होते, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. म्हणून ‘मिळेल ते’ वर टाकायची सवय मोडायला हवी. संस्था-स्तरावरच्या, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, जागेवर प्रवेश घेतल्यास शुल्कप्रतिपूर्ती मिळत नाही, हेही पालकांना आधी सांगितले पाहिजे.

प्रवेशानंतरचे तीन महिने तर जवळजवळ कोणीच सांभाळत नाही. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय चांगलाच आहे. पण त्यात खोलीची अनामत, खानावळ आणि बसभाडे येत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठीच्या स्वाधार योजनेत मुंबई-पुणे-नागपुरात राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, पण ते हातात पडेपर्यंत पहिले सत्र संपत आलेले असते. मुले गळतात ती याच काळात. प्रत्येक उपक्रमाने शिकवणीच्या खर्चातला काही भाग बाजूला काढून या तीन महिन्यांसाठी परतफेडीचा फिरता निधी ठेवावा.

अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांना महाविद्यालयासाठी तयार करणारे ‘अपवर्ड बाउंड’ १९६४ च्या कायद्यातून आले, म्हणजे तिथला अनुभव आपल्यापेक्षा बराच जुना. तिथलाच २००८ मधला एक प्रयोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. एच अँड आर ब्लॉक या करसल्लागार कंपनीच्या ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्यालयांत काही कुटुंबांना शिक्षणसाहाय्याची नुसती माहिती दिली, तर काहींचा साहाय्य-अर्ज तिथेच बसून भरून दिला. माहितीचा परिणाम दिसला नाही. ज्यांचा अर्ज भरून दिला, त्यांच्या बारावीतल्या मुलांत महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ८ टक्के-बिंदूंनी वाढले. आपल्याकडच्या देणगीदारांनी आणि सरकारी संस्थांनी ‘किती शिबिरे, किती उपस्थिती’ विचारणे थांबवून, दुसऱ्या सत्राच्या वर्गात किती मुले बसली आहेत ते विचारावे. एका कार्यकर्त्याकडे चाळीस-पन्नासपेक्षा जास्त मुले देऊ नयेत. त्यापुढे फोनसुद्धा करून होत नाहीत.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. कागदपत्रांची यादी दरवर्षी निकालाच्या पुरवणीत छापून येते. ती ऑगस्टमध्ये, अकरावीचे वर्ग सुरू झालेले असताना छापावी, आणि सीयूईटी व राज्य सीईटीच्या नोंदणीच्या तारखा जाहीर होतील त्या दिवशी ग्रामीण आवृत्तीच्या पहिल्या पानावर द्याव्यात. गावात अंक ग्रंथालयात येतो, तिथून तो फळ्यावर लावता येतो.

आपले,
प्रवेश मार्गदर्शनाचे काम करणारे काही कार्यकर्ते, यवतमाळ