वशिंड नसलेल्या बैलांचे जू

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुलीकडे गेलो असताना अमेरिकेच्या आयोवा राज्यात, डे मॉइन शहरालगत अर्बनडेल येथे असलेले ‘लिव्हिंग हिस्टरी फार्म्स’ हे खुले संग्रहालय पाहण्याचा योग आला. 1700 सालची आयोवे आदिवासींची शेती, 1850 सालच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांची शेती, 1900 सालची घोड्यांवर चालणारी शेती आणि 1876 चे एक गाव अशी तेथील मांडणी असून त्या त्या काळच्या पेहरावातील माणसे प्रत्यक्ष कामे करताना दिसतात.

माझा बराच वेळ 1850 च्या शेतावर, बैलांपाशीच गेला. त्या बैलांना वशिंड नसल्याने जू आपल्याप्रमाणे वशिंडाला अडून राहत नाही. म्हणून वाकवलेला लाकडी दांडा गळ्याखालून घालून त्याची दोन्ही टोके जुवात अडकवतात. वेसण नाही, कासरा नाही. हाकणारा डाव्या अंगाने चालतो आणि ‘जी’ म्हटले की जोडी उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे वळते. हेच जू काचेच्या कपाटात असते, तर पाटीवरच्या दोन ओळी वाचून मी पुढे गेलो असतो. आयुष्य कृषी खात्यात गेले असूनही.

ओंडक्यांच्या घरात एक बाई बिडाच्या भांड्यात, झाकणावरही निखारे ठेवून, मक्याचा पाव भाजत होती. (धूर अगदी खरा होता.) तो मका मात्र वसाहतकऱ्यांचा नव्हे. आयोवे स्त्रिया हाडाच्या कुदळीने जमीन उकरून मका, घेवडा आणि भोपळा एकत्र घेत असत, हे 1700 च्या शेतावर कळते. संग्रहालयात तेथून 1850 च्या शेतापर्यंतची पायवाट छोटी आहे. प्रत्यक्षात 1836 च्या तहाने आयोवे लोकांना मिसुरी नदीपलीकडे जावे लागले आणि दहाच वर्षांनी त्यांच्याच नावाचे राज्य अमेरिकेच्या संघात दाखल झाले.

आपल्याकडे कोल्हापूरजवळील कणेरी मठातील बलुतेदारांचे पुतळे हुबेहूब आहेत. परंतु विहिरीचे पाणी ओढणाऱ्या मोटेचे बैल धावेच्या उतारावरून पाठमोरे मागे कसे आणतात, हे पुतळ्याला विचारता येत नाही. मोट हाकलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. राज्यातील चार कृषी विद्यापीठांपैकी एकाने तरी आपल्या एखाद्या विहिरीवर आठवड्यातून एक दिवस मोट चालवावी आणि त्यासाठी या जाणत्यांना रीतसर मानधन देऊन बोलवावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त कृषी सहायक, सातारा