पॅनल लागलाय म्हणतोस, तर हे वाच

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय दोस्ता,

काय बे, वर्गात भिंतीएवढा टच-स्क्रीनचा पॅनल लागला म्हणून तीन-तीन फोटो पाठवलेस आणि खाली एवढंच, "आता याचं करू काय?" फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून लिहायला बसलो. बाहेर असं ऊन आहे की पार्क चौकात कुत्रंसुद्धा नसेल.

माझं पहिलं वर्ष वाया गेलं, ते आधी ऐक. पडदा आला तेव्हा मी व्हिडिओ लावायचो आणि हाताची घडी घालून मागे उभा राहायचो. वर्ग चिडीचूप. वाटलं, जमलं! दुसऱ्या दिवशी विचारलं तर पोरांना त्यातलं संगीत आठवत होतं, बाकी शून्य. त्यात एकदा भर तासाला नको ती जाहिरात मध्येच उगवली. मागचा बाक ती अजून विसरलेला नाही. तेव्हापासून दाखवायचं ते आदल्या रात्री घरी शेवटपर्यंत बघतो आणि वर्गात नेट बंद ठेवतो.

आता जमलेलं एक सांगतो. दहावीचं वर्तुळ. अर्धवर्तुळात आंतरलिखित केलेला कोन काटकोन असतो, ते प्रमेय. फळ्यावर मी चार आकृत्या काढायचो आणि चौथीपर्यंत वर्तुळाचा बटाटा व्हायचा. हल्ली जिओजेब्रा वापरतो, भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येतात असं सॉफ्टवेअर. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. व्यास काढला, कंसावर एक बिंदू घेतला, तिथून व्यासाच्या दोन्ही टोकांना रेषा जोडल्या. पण हात लावण्याआधी सगळ्यांना वहीत लिहायला लावलं, बिंदू सरकवला तर कोन वाढेल की कमी होईल? निम्म्याहून जास्त पोरांनी "वाढेल" लिहिलं. मग एका पोरालाच बिंदू ओढायला दिला. तो इकडून तिकडे फिरवतोय आणि आकडा 90 वरून हलायलाच तयार नाही! एवढ्यात कोणीतरी ओरडलं, "सर, पार टोकाला न्या की!" नेला, तर कोनच गायब. का गेला, यावर दहा मिनिटं भांडण. असलं भांडण मला फळ्यावर कधी मिळालं नव्हतं.

आणि तिथेच पडदा बंद केला. पोरं म्हणाली, "दिसलं की सर, झालं सिद्ध." म्हटलं, नुसतं दिसून कसं चालेल? खडू घेतला, केंद्रापासून त्या बिंदूपर्यंत त्रिज्या ओढली. त्रिज्या सगळ्या सारख्या, म्हणून दोन समद्विभुज त्रिकोण पडले. एकाचे पायाचे कोन अ आणि अ, दुसऱ्याचे ब आणि ब. मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180, म्हणजे दोन अ आणि दोन ब मिळून 180. मग अ अधिक ब, म्हणजे आपला कोन, किती, ते शेवटच्या बाकावरून आलं.

फोनवरचा गृहपाठ मात्र देत नाही. आमच्या पूर्वभागात बऱ्याच घरी फोन एकच, तो बापाबरोबर यंत्रमागावर जातो. रात्री नऊला तो घरी आला की पहिला हक्क थोरल्या भावाचा. पोरीला मिळतो तेव्हा चार्जिंग संपलेलं.

एक चूक माझीच, तुला म्हणून सांगतो. घटक चाचणीच्या गुणांची यादी फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकली. वेळ वाचला म्हणून खूश होतो. एका पोरीला 20 पैकी 3. तिच्या काकानं तिथेच हसण्याची चित्रं टाकली. पोरगी दोन दिवस आली नाही. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, तिच्या घरी गेलो. आई विड्या वळत होती, हात न थांबवता म्हणाली, "सर, सगळ्यांना कशाला दाखवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता गुण ज्याचे त्याला. मुलांचा फोटो, आवाज, काहीही घ्यायचं तर आधी आई-बापाला विचारतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे म्हणतात, पण मला ती त्या माउलीनंच घातली.

आपल्या माढ्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं नाव निघालं की लोक पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आणि 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ सांगतात. 10 लाख डॉलरमधला अर्धा वाटा अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांना दिला, तेही सांगतात. मला त्यांचं दुसरंच पटतं. मुलांच्या घरी कन्नड, म्हणून ते आधी कन्नड शिकले. माझ्या वर्गात निम्म्या घरी तेलुगू आणि मला "बागुन्नारा"च्या पुढे येत नाही! म्हणून विडी घरकुलातल्या त्याच पोरीला म्हटलं, ते प्रमेय तू तेलुगूत सांग. आईला विचारून आवाज टिपला. आता मागच्या बाकावरच्या तिघी मधल्या सुट्टीत तेच ऐकत बसतात. मीही ऐकतो. "त्रिज्या" तेवढं कळतं.

तुझ्या पॅनलवर पहिला तास कशाचा घेतलास ते कळव. फोटोही पाठव, पण बे, पोरांना समोर उभं करून नको.

तुझाच,
पूर्वभागातला मास्तर