दूरचा डोंगर नुसता निळा करून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जलरंगातील निसर्गचित्रावरचा पुरवणीतील लेख वाचला. ‘दूरचे डोंगर निळे रंगवा’ हा सल्ला खरा, पण अर्धाच. डोंगर निळाशार असूनही पुढच्या झाडाला चिकटलेला दिसतो, अशी चित्रे ढिगाने सापडतात. अंतर भासते ते आधी गडद-फिक्या छटांतून. मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश लांबच्या सावल्यांवर चढतो, त्यामुळे सावल्या फिकट आणि निळसर होतात. उन्हातला भाग त्यामानाने कमी बदलतो. बर्फाचे शिखर तर दुरून किंचित पिवळसरच दिसते.

अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगात थोडा बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग घातला की छान करडा निळा मिळतो. सर्वांत मागच्या रांगेसाठी त्यात भरपूर पाणी, पुढच्या प्रत्येक रांगेला पाणी कमी आणि सिएना जास्त. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून छटा आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहावी. एक रांग पूर्ण वाळल्याशिवाय दुसरी सुरू करू नये. पांढरा रंग मिसळून डोंगर मागे ढकलायला गेले, की तो खडूने रंगवल्यासारखा दिसतो.

खरी फसगत धुके रंगवताना होते. डोंगराच्या पायथ्याची कड ओली असतानाच स्वच्छ, दमट ब्रशने विरघळवायची असते. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल, तर ते रंग बाहेर ढकलते आणि दातेरी डाग उमटतो. ब्रश फडक्यावर टिपून घ्यावा. कागदाची चकाकी गेली, की हात आवरावा. पूर्ण वाळल्यावर पुन्हा ओलवता येते.

पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे डोंगराची उलटी नक्कल नव्हे. आपण पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर असतो, म्हणून जवळची टेकडी मागच्या शिखराला प्रतिबिंबात जास्त झाकते. गडद वस्तू पाण्यात जरा फिकी, उजळ वस्तू जरा गडद. पलीकडचा काठ आडवाच हवा, तिरका झाला की तळे कलंडते.

शेवटी चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहावा. दोन रांगांची एकच करडी पट्टी दिसली, तर पुढची गडद करावी, मागची धूत बसू नये. अल्ट्रामरीन धुतल्यावर बऱ्यापैकी निघतो. थॅलो ब्लू हा दुसरा निळा मात्र कागदात मुरतो, तो हटत नाही.

आपला,
एक चित्रकला शिक्षक